सह्या बायकांच्या, शिक्षण कुणाचं?

मुलगा शिकायला परदेशी निघाला की पेढे वाटताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘घरच्यांनी खूप केलं हो त्याच्यासाठी!’ या ‘घरच्यांनी’ शब्दाची एकदा फोड करून बघायला हवी, असं मला गेली काही वर्षं सारखं वाटतं आहे. घर म्हणजे कोण? पैसे आले कुठून? कुणाच्या अंगावरून उतरले, कुणाच्या नावावरचं काय गहाण पडलं, आणि कुणी न वाचता सही केली?

कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करताना मारहाण, पोटगी, टाकून दिलेल्या बायका हे आमचं नेहमीचं काम. पण अलीकडे या तक्रारींच्या पोटात आणखी एक गोष्ट निघू लागली आहे, ती म्हणजे परदेशी शिक्षणाचं कर्ज. बाई येते दुसऱ्याच कारणासाठी. बोलता बोलता कळतं, की घरातली कुरबूर सुरू झाली ती कर्जाच्या हप्त्यापासून. पूर्वी परदेशी शिक्षण ही मूठभर श्रीमंतांची किंवा अतिशय हुशार मुलांची गोष्ट होती. आता तालुक्याच्या गावातही ‘ॲब्रॉड एज्युकेशन’चे फलक लागले आहेत. प्राध्यापक, कारकून, छोटे दुकानदार, बागाईतदार यांची मुलं इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत. जावं, जरूर जावं. माझं म्हणणं जाण्याविरुद्ध नाही, जाण्याच्या हिशेबाबद्दल आहे.

आधी रकमा पाहू. इंग्लंडचा विद्यार्थी व्हिसा मागताना विद्यापीठाची फी सोडून केवळ राहण्या-खाण्यासाठी पैसे दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी ही रक्कम महिन्याला १,५२९ पौंड, अशी नऊ महिन्यांची आहे. म्हणजे १३,७६१ पौंड, पंधरा लाख रुपयांहून अधिक. स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते खात्यावर सलग २८ दिवस पडून असावे लागतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण एका वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी भरावे लागतात. कॅनडानं २०२४ च्या सुरुवातीला १० हजार डॉलरची अट २०,६३५ डॉलरवर नेली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ केली. ही फी नव्हे, तर दारात उभं राहण्यापुरते दाखवायचे पैसे. मध्यमवर्गीय घरात एवढी रोख कुणाच्या खात्यावर असते? मग कपाटातला डबा उघडतो. पाटल्या, तोडे, मंगळसूत्राची जाडी कमी करून उरलेलं सोनं, सारं सोनेतारण कर्जाला जातं. ‘अगं, महिन्याभराचाच प्रश्न आहे,’ असं सांगितलं जातं. महिना संपतो, व्हिसा मिळतो, आणि दाखवायचे पैसे बघता बघता खर्चायचे पैसे होतात.

त्यानंतर मोठं कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे घरदार तारण मागत नाहीत. त्याच्या वर गेलं की मागतात. काही नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज मिळतं, खाजगी वित्तसंस्थाही देतात, पण तिथे व्याज चढं असतं. मग घर गहाण ठेवायचं ठरतं. इथेच एक गंमत आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही सवलत वाचवायला अनेक नवऱ्यांनी घर बायकोच्या नावावर घेतलं. आपण त्याचं स्वागतच केलं. पण आता त्याच घराच्या गहाणखतावर तिची सही लागते, आणि ती सही मिळवायला तिला फक्त एवढंच सांगितलं जातं, ‘आधार कार्ड घे आणि चल.’

आमच्याकडे आलेल्या एका आईची हकीकत (ओळख पटेल असे तपशील बदलून) सांगते. तिच्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर गेला. कर्ज मुलाच्या नावावर, ती सहकर्जदार. नवरा निवृत्त. ती म्हणाली, ‘मला वाटलं, मी साक्षीदार आहे.’ सहकर्जदार म्हणजे स्वतः कर्जदार, हप्ता थकला तर बँक आधी मुलाला पकडायला परदेशी जाणार नाही, तुमच्या दारात येईल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता, तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. ती ज्या दिवशी आमच्याकडे आली, त्या दिवशी तिच्या पिशवीत ती नोटीस होती. पाकीट फोडलेलं होतं, पण आतला इंग्रजी मजकूर तिनं वाचला नव्हता. मुलगा वाईट नव्हता. त्याला नोकरी मिळाली नव्हती, इतकंच.

हप्त्याचं गणितही घरी कुणी नीट मांडत नाही. समजा, ३० लाख कर्ज, १० टक्के व्याज, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष सवलतीचं. ही तीन वर्षं हप्ता नाही म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण व्याज थांबलेलं नसतं. सरळ व्याज धरलं तरी तीन वर्षांत ९ लाख होतात. परतफेड सुरू होते ती ३९ लाखांवर, आणि १५ वर्षं महिन्याला सुमारे ४२ हजार रुपये जातात. ‘तो तिथे काम करून फेडेल’ हेही अर्धसत्य आहे. इंग्लंडमध्ये पदवी-पदव्युत्तरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना (पीएच.डी. सोडून) दीड वर्ष होणार आहे. नियम तिकडचे बदलतात, घर इकडचं जातं.

दुसरी सही बहिणीची. वडील मृत्युपत्र न करता वारले तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्यांच्या मिळकतीत आई, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला मुलाइतका हक्क दिला. या हक्कासाठी चळवळीतल्या किती जणींनी किती वर्षं घसा कोरडा केला! आणि घरात काय होतं? भावाला परदेशी जायचं असतं, घर गहाण ठेवायचं असतं, बँक म्हणते सगळ्या वारसांचं काय ते बघा. की लगेच बहिणीला निरोप जातो, ‘हक्कसोड करून दे, भावाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’ ती दोन दिवसांची रजा टाकून येते, नोंदणी कार्यालयात अंगठा-फोटो देते, वहिनीच्या हातचं जेवून परत जाते. तिनं काय सोडलं? राखीपौर्णिमेच्या साडीच्या बदल्यात लाखो रुपयांचा वाटा. तो कर्ज फिटल्यावर परत येत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बँकेला हवी असते ती सर्व मालकांची संमती. त्यासाठी बहुतेक वेळा हक्क सोडण्याची गरज नसते. सर्व वारस मिळून गहाण ठेवू शकतात, मालकी शाबूत राहते. जोखीम त्यातही आहेच. कर्ज थकलं तर तिचाही हिस्सा अडकतो. पण फिटलं तर तो तिचाच राहतो. हक्कसोडपत्रात मात्र दोन्हीकडून तीच बुडते. मग घरची माणसं सह-गहाणाचा रस्ता न सुचवता हक्कसोडच का सुचवतात? कर्जाच्या निमित्तानं वाटणीचाही निकाल लागून जातो, म्हणून.

तिसरी सही बायकोची, आणि ती बहुधा कागदावर नसते. ‘मुलगा परदेशी शिकतो आहे’ म्हटल्यावर लग्नाच्या बाजारात त्याचा भाव चढतो. ‘आम्हाला हुंडा नको, फक्त त्याच्या कर्जाला हातभार लावा,’ असं अगदी सुशिक्षित घरांत बोललं जातं. लग्नासंदर्भात केलेली अशी मागणी म्हणजे १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखालचा हुंडाच आहे, मग त्याला हातभार म्हणा की मदत. त्यासाठी छळ झाला तर पूर्वीच्या ४९८-अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. त्यातून जानेवारी २०२४ पासून इंग्लंडनं एक नवं दार बंद केलं. संशोधन अभ्यासक्रम आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या वगळता इतर विद्यार्थ्यांना बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. म्हणजे लग्न लावून, बायकोच्या बापाचे पैसे घेऊन मुलगा निघतो आणि ती सासरी सासू-सासऱ्यांचं करत बसते. त्याचं शिक्षण चालू, तिचं बंद. आमच्याकडे आलेली एक मुलगी स्वतः एम.एस्सी. होती. नवऱ्याच्या फीसाठी तिनं नोकरीचा पगार दिला, दागिने दिले. पुढे बिनसलं तेव्हा तिकडून उत्तर आलं, ‘तू दिलेस याचा पुरावा काय?’

आणि मुलीला स्वतःला जायचं असेल तर? मग सगळं गणित उलटं फिरतं. मुलाला दिलेले पैसे ही ‘गुंतवणूक’, मुलीला दिलेले ‘लग्नाच्या पैशातून वजा’. जर्मनीत प्रवेश मिळालेल्या एका मुलीला वडील म्हणाले, ‘बाराएक लाख खात्यात भरतो, पण मग लग्न साधं, आणि घरात वाटा मागायचा नाही.’ तिच्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी देणगी भरताना ही अट कुणी घातली होती का? १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात पोटगीच्या व्याख्येत शिक्षण आहे, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा खर्च त्याशिवाय आहे. कायद्यानं दोन्ही वेगवेगळं लिहिलं. एकातून दुसरं वजा करायची पद्धत आपली.

जानेवारी २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश या संदर्भात सर्व मुलींना माहीत असायला हवा. आई-वडील २६ वर्षं वेगळे राहत होते. मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती. वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी ४३ लाख रुपये दिले. स्वाभिमानी मुलगी ते घ्यायला तयार नव्हती, परत करायला निघाली होती. वडील परत घ्यायला तयार नव्हते. न्यायालयानं सांगितलं, की शिक्षणाचा खर्च आई-वडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे आणि ऐपतीच्या मर्यादेत राहून पालकांना तो द्यायला लावता येतो. या एका आदेशानं उद्या प्रत्येक मुलीला परदेशी पाठवायचे पैसे मिळतील असं नाही. पण ‘तुझ्यावर उपकार केले’ ही भाषा त्यानं मोडीत काढली, हे थोडं नाही.

मुलींच्या वाटेवरचे हे दगड आजचे नाहीत. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकात डेक्कन कॉलेजमधून पहिल्या क्रमांकानं पदवीधर झाली. त्या यशावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. बाई म्हणून नाकारली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. पंडिता रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंड गाठलं. ‘नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही’ म्हणून कोर्टात उभी राहिलेली रखमाबाई वैद्यकी शिकायला १८८९ मध्ये लंडनला गेली, तीही वर्गणीच्या आधारावर. घरच्या तिजोरीचं कुलूप या बायांसाठी उघडलं नाही. त्यांना पुस्तक विकावं लागलं, नाहीतर परक्यांपुढे हात पसरावा लागला.

आणि पुरुषाच्या परदेशी शिक्षणामागे घरातली बाई काय सोसते, याचं उदाहरण आपल्याला शोधावं लागत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे पुन्हा लंडनला गेले. त्या सगळ्या काळात मुंबईत तुटपुंज्या पैशांत रमाबाईंनी घर ओढलं. फरक एवढा, की बाबासाहेबांनी ते ऋण लपवलं नाही. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला आणि हलाखीच्या दिवसांतली तिची साथ तिथे शब्दांत नोंदवली. आपल्या घरातल्या किती मुलांना, नवऱ्यांना आईचं किंवा बायकोचं देणं असं लिहून ठेवावंसं वाटतं?

सरकारनं काय केलं तेही पाहू. अनुसूचित जाती आणि काही वंचित गटांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी. एवढ्या मोठ्या देशात १२५! त्यातही जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं गेली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. विद्यापीठाची तारीख कुणासाठी थांबते का? अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणकर्जाचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२ मध्ये बंद केली. तिच्यात ३५ टक्के वाटा मुलींसाठी राखीव होता. कर्ज काढायला घरून सर्वांत कमी पाठिंबा ज्या मुस्लिम मुलीला मिळतो, तिच्या हातातला हा आधार काढून घेतला. मग उरतं काय? काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. घरानं वाटा नाकारायचा, सरकारनं शिष्यवृत्ती आखडायची आणि बँकेनं अर्धा टक्का द्यायचा!

करसवलतीतही तोच प्रकार. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, ती कर्ज फेडणाऱ्या करदात्याला. ज्या आईचं घर गहाण आहे पण जिला पगार नाही, तिला यातला एक पैसा मिळत नाही. जोखीम तिची, सवलत मिळवत्याची.

मैत्रिणींनो, ‘सही करू नका’ असं मी म्हणणार नाही. पोटच्या पोराच्या शिक्षणासाठी आई सही करणारच. पण सही करण्यापूर्वी काही गोष्टी करता येतील. कागद घरी आणून, मराठीत समजावून घेऊन मगच सही करा. बँकेत जाऊन एवढंच विचारा: मी साक्षीदार, जामीनदार की सहकर्जदार? हप्ता थकला तर माझं काय जाईल? कर्ज, व्याज, सवलतीचा काळ आणि हप्ता यांचा तक्ता मागून घ्या. नोटिसा तुमच्याही पत्त्यावर, तुमच्याही फोनवर येतील अशी व्यवस्था करा. दागिने दिलेत तर वजनासकट यादी करा आणि ‘हे आईचे, फेडायचे’ अशी मुलाच्या सहीची चिठ्ठी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सांगितलं आहे, की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मग मुलानं वापरलं तर आपण ते दान का समजावं? बहिणींनो, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी सह-गहाणाबद्दल विचारा. आणि घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर पहिल्याच्या कर्जापूर्वी दुसरीच्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न त्याच बैठकीत मांडा. नंतर मांडला तर तारण ठेवायला घर शिल्लक राहिलेलं नसतं.

संघटना म्हणून आपण दोन मागण्या धरून बसलं पाहिजे. तारण देणाऱ्या आणि सहकर्जदार होणाऱ्या प्रत्येक बाईला बँकेनं तिच्या भाषेत, घरच्या पुरुषांना बाहेर बसवून, जबाबदारी समजावून सांगावी आणि तशी नोंद ठेवावी. आणि परदेशी शिष्यवृत्त्यांतल्या मुलींच्या जागा वाढवून त्यांचे पैसे प्रवेशाच्या तारखेआधी द्यावेत. यातली पहिली मागणी आपल्या शहरातल्या बँकांच्या शाखांकडे शिष्टमंडळ नेऊन लगेच सुरू करता येईल. ज्या वाचक भगिनींनी अशा कर्जावर सह्या केल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव आमच्याकडे लिहून पाठवावेत. नाव छापणार नाही. शिष्टमंडळ जाईल तेव्हा त्या पत्रांची फाईल बँकेच्या टेबलावर ठेवायची आहे.